बोल ऐकून घेणारी सुनंदा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या एसटी स्टँडवर डहाणूच्या गाडीची वाट बघत उभी होते. तिच्याकडेच निघाले होते. पिशवीत पेजेसाठी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं, कारण शेवटचे काही आठवडे तिच्या पोटात दुसरं काही टिकत नव्हतं. फोन तिच्या भाच्याचा, प्रशांतचा. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. "सकाळी चहाचा एक घोट घेतला आणि…" तेवढ्यात गाडी लागली. मी चढले, खिडकीपाशी बसले. कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं, तर मला डहाणू हा शब्दच आठवेना. मागच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डहाणूच ना?" मी मान हलवली.

सुनंदा डहाणूच्या किनाऱ्यावरची. वडील बोटीवर, आई बाजारात मासळी विकायची. घरात इंग्रजीचं वारंही नाही, आणि ही मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. झाली. नोकरी मिळाली ती तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या मुलींच्या निवासी शाळेत. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजून मुली शिकतात. आम्हा दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या, मध्ये एकच भिंत. तिला डोंगरातलं काही ठाऊक नव्हतं आणि मला समुद्रातलं. सुट्टीवरून परत येताना ती सुके बोंबील आणायची, मी झरीहून, माहेराहून, तांदूळ आणायचे. संध्याकाळी एकाच चुलीवर दोन्ही शिजायचं. तिचा आवाज मोठा, हसणंही मोठं. बोटीवर ओरडून बोलायची सवय असलेल्या घरातली ती. शाळेत पहिल्या दिवशी मुली तिला घाबरल्या आणि आठवडाभरात तिच्या मागे मागे फिरायला लागल्या.

तिचा राग होता गाइडवर. गाइडात नापसंती दाखवणाऱ्या सगळ्या इंग्रजी शब्दांपुढे एकच अर्थ छापलेला असायचा, 'दोष देणे'. "सगळं एकच असतं तर एवढे शब्द कशाला केले असते लोकांनी?" ती म्हणायची. एकदा माझा तास रिकामा होता आणि तिच्या वर्गाबाहेरच्या पायरीवर मी वह्या तपासत बसले होते. आतून तिचा आवाज येत होता. "समजा, माझ्या आईने बोंबील सुकत घातलेत आणि मला राखायला बसवलंय. मी झोपले. कुत्र्याने बोंबील पळवले. आई आली, काही बोलली नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. हे डिसअप्रूव्ह. तिला आवडलं नाही, एवढंच. मग म्हणाली, 'डोळे फुटले होते का गं तुझे?' हे स्कोल्ड. मोठ्याने लहानाला करायचं, आणि जेवायला वाढेपर्यंत ते संपतं. शेजारीण म्हणाली, 'कुत्र्याने कसले नेले, हिनेच विकले असतील.' हे ॲक्यूज. आता पुरावा आणा. आजी म्हणाली, 'हिच्यामुळे गेले बोंबील.' हे ब्लेम. याला राग लागतोच असं नाही, भाकरी थापता थापता शांतपणे करता येतं. आणि बाबा म्हणाले, 'ही पोर कामाचीच नाही, हिला पुन्हा काही सांगू नका.' हे कंडेम. निकाल लागला. आता कुणी काही ऐकून घेणार नाही."

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "म्हणजे कंडम, बाई! आमच्या पाड्यावर एक जीप कंडम होऊन पडलीय. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात." वर्ग हसून लोटपोट. सुनंदाही हसली. ती मुलगी भारती. नववीत होती, सावळी, किडकिडीत, आणि उत्तर चुकलं तरी हात वर करणारी. सुनंदाची लाडकी होती म्हणा ना. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सुनंदा मला म्हणाली, "एक शब्द मात्र मी सोडूनच दिला. रिप्रोच. स्कोल्डपेक्षा हळू आणि ब्लेमपेक्षा खोल असतं ते. पण उदाहरणच सापडत नाही." मी म्हटलं, "संस्कृतात उपालंभ आहे." "घे," ती म्हणाली, "सोपं करून सांगितलंस."

पुढच्याच पावसाळ्यातली गोष्ट. वसतिगृहाच्या अधीक्षिका रजेवर होत्या आणि मुलींचा ताबा सुनंदाकडे होता. मी तेव्हा शाळेत नव्हते, झरीला भावाकडे गेले होते, त्यामुळे जे लिहिते आहे ते तिनेच मला पुढे अनेकदा सांगितलेलं. खाटा मोडून पडलेल्या, मुली जमिनीवर अंथरुणं टाकून झोपायच्या. सकाळी प्रार्थनेच्या आधी भारती तिच्याकडे आली. पोटात दुखतंय म्हणाली. त्या दिवशी इंग्रजीची चाचणी होती, आणि आधीच्या चाचणीलाही दोघी-तिघींची पोटं अशीच दुखली होती. सुनंदाने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. भारती म्हणाली, "बाई, डोळे उघडत नाहीत माझे." सुनंदा म्हणाली, "परीक्षा आली की बरे डोळे उघडत नाहीत तुझे? नाटकं करू नकोस. जा, तोंड धू." भारती गेली. तोंडही धुतलं तिने, असं बाकीच्या मुलींनी पुढे सांगितलं. मग अंथरुणावर जाऊन पडली. सुनंदाने चाचणी घेतली, पेपर गोळा केले, आणि भारतीची जागा रिकामी दिसली म्हणून रागातच खोलीकडे गेली. तोवर पोरीला बोलता येत नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती, पापण्या मिटलेल्या.

मण्यार चावली होती, झोपेत. मण्यारीचा दात लागल्याचं कळत नाही, सूज येत नाही, आधी पोट दुखतं आणि मग पापण्या जड होतात, हे डोंगरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. समुद्राकाठच्या सुनंदाला ते ठाऊक नव्हतं. गावातली एक जीप मिळाली. सुनंदाने भारतीला मांडीवर घेतलं आणि जीप कासाच्या दवाखान्याकडे निघाली. हायवेवर ट्रक खोळंबले होते. चारोटीच्या अलीकडे भारतीचा श्वास थांबला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि हॉर्न वाजवायचं बंद केलं. तेव्हा आपल्याला कळलं, असं सुनंदा म्हणायची.

चौकशी झाली. चौकशीच्या साहेबांपुढे तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोरगी सांगत होती आणि मी तिला नाटकं करू नकोस म्हटलं, हेही. साहेब चांगला माणूस होता. लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "बाई, हे लिहायची गरज नाही." अहवालात खाटा आल्या, खिडकीची मोडलेली जाळी आली, अधीक्षिकेची रजा आली. सुनंदाला 'समज देण्यात आली'. सरकारी रागाच्या पायऱ्यांमधली ही सगळ्यात खालची. त्याच आठवड्यात आसपासच्या पाड्यांवरची तरुण मुलं मोर्चा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. धिक्कार असो, निषेध असो, अशा घोषणा चालल्या होत्या. सुनंदा आतून चालत गेली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे धावले. पुढे असलेला मुलगा कुणा माजी विद्यार्थिनीचा भाऊ होता. तो घोषणा थांबवून म्हणाला, "बाई, तुम्ही बाजूला व्हा. तुमच्याविरुद्ध नाही हे, सरकारविरुद्ध आहे." दोन मुलांनी तिला हाताला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि पुन्हा धिक्कार सुरू केला.

मग ती मला घेऊन आमच्या खात्याच्या डहाणूच्या ऑफिसात गेली. मी बसमध्ये तिला परोपरीने सांगितलं की हा वेडेपणा आहे. तिने ऐकलं नाही. टेबलामागच्या कारकुनाला ती म्हणाली, "मला समज दिलीय. ती रद्द करून ठपका ठेवा." त्याला वाटलं आपण उलटं ऐकलं. "ठपका काढायचाय का?" त्याने विचारलं. "ठेवायचाय." त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ठपका काढून घ्यायला माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात इथे. तुम्ही घरी जा. आराम करा." बाहेर आल्यावर ती झाडाखाली उभी राहून रडली. त्या काळातलं तिचं पहिलं रडणं तेच. "कुणीच नीट बोलत नाही गं मला," ती म्हणाली. "सगळे समजूतच घालतात."

नीट बोलली ती एकच बाई. भारतीची आई, जानकी. मृतदेह पाड्यावर नेला तेव्हा जानकी भाताच्या खाचरातून तशीच आली होती, पाय चिखलाने माखलेले. ती रडली नाही. सुनंदापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तू होतीस ना तिथं?" एवढंच. तिकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात उणंअधिक काही नसतं. दिवस घातल्यानंतर सुनंदा पुन्हा गेली, एकटी, आणि त्या सकाळी आपण काय बोललो होतो ते तिने जानकीला सांगितलं. मी तिला सांगू नकोस म्हटलं होतं. ऐकल्यावर जानकी घरात गेली आणि दार लावून घेतलं. भारतीचा बाप, लाडक, अंगणात उभा होता. म्हणाला, "जा बाय. आता जा."

पुढच्या पावसाळ्यात सुनंदा परत गेली. या खेपेला जानकीने दार लावलं नाही. अंगणातच, घराच्या कुडाच्या भिंतीशी बस म्हणाली, आणि बोलायला लागली. "माझी पोर खोटं नव्हती बोलत. ताप आला तरी सांगायची नाय ती, एवढी चिवट. तुला सांगितलंन. मला नाय, तुला सांगितलंन." सुनंदा ऐकत बसली. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच, चौथ्या वर्षी पुन्हा. वर्षातून एकदा ती डोंगर चढून जायची, जानकीचं बोलणं ऐकायची आणि उतरून यायची. परत आली की माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसायची. एकदा अशीच बसली असताना म्हणाली, "रिप्रोचचं उदाहरण मिळालं मला." मी वह्या बाजूला सारल्या. ती म्हणाली, "ॲक्यूज नाही ते. मी कबूल केलंय, मग आरोप कसला? ब्लेम म्हणावं तर तिला माहीत आहे, पोर साप चावून मेली. कंडेम केलं असतं तर मला बसायला सांगितलं नसतं. ती मला बोलते, कारण तिने पोर माझ्या जिवावर ठेवली होती. ज्याच्यावर काही टाकलेलं असतं ना, त्यालाच असं बोलता येतं." "बोल लावणं," मी म्हटलं. तिने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. "हां," म्हणाली, "तुझ्या उपालंभापेक्षा बरा आहे."

वर्गात तो शब्द तिने कधीच शिकवला नाही. खरं तर त्यानंतर तिचं शिकवणंच गेलं. तिला कुणावर रागावता येईना. गृहपाठ नाही केला, "बरं." पेपर कोरा दिला, "बरं." मुलींनाही ते लवकर कळलं. कुणाचं डोकं दुखतंय म्हटलं की ती उठून जीप बोलवायची, मग तास असो, परीक्षा असो, मुख्याध्यापक समोर उभे असोत. मुली तिला मागून दवाखानावाल्या बाई म्हणायच्या. कासाच्या दवाखान्यातल्या नर्स तिला नावाने ओळखत. इंग्रजीचे निकाल घसरले. मुख्याध्यापकांनी तिला एकदा सर्वांसमोर फैलावर घेतलं. ती शांतपणे ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. ते मला बघवलं नाही. जानकीची धाकटी मुलगी मीना मोठी होत होती, तिला शिकवावं म्हणून सुनंदाने फार विनवलं. जानकी म्हणाली, "शिकली तर पायजे. पण तुमच्या शाळेत नाय ठेवायची." मीना पाड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. पुढची शाळा लांब होती. आता ती उंबरगावला कंपनीत जाते, सकाळच्या जीपमधून, इतर मुलींसोबत. भारती जगली असती तर मीना शिकली असती, हे सुनंदाने मला एकदाच सांगितलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तिने वेळेआधीच नोकरी सोडली आणि डहाणूला भावाच्या घरी जाऊन राहिली. मी तलासरीतच राहिले. आठवड्या-पंधरवड्याने माझी फेरी असायची. गेल्या वर्षी ती वाळायला लागली. वय झालं म्हणाली. प्रशांतची बायको मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, आत्या पोटाला उशी धरून बसतात. विचारलं तर काही नाही म्हणतात." मी विचारलं तर मलाही काही नाही. शेवटी एका दुपारी ती उठता उठता खाली बसली आणि प्रशांतने तिला उचलून वापीला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, हे दुखणं कित्येक महिन्यांचं असणार. मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन. "सांगितलं का नाहीस?" ती उशीत तोंड फिरवून म्हणाली, "पोट दुखतं म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?"

शेवटच्या भेटीत ती बरीच शुद्धीवर होती. बाहेर बोंबील सुकत होते आणि वास घरभर होता, पण तिला त्याचा त्रास होत नव्हता. माझा हात धरून म्हणाली, "औंदा जायचं राहिलं." कुठे ते मला कळलं. म्हणाली, "मी गेले तर जानकीला तू जाऊन सांग. कुणाच्या फोनवर निरोप ठेवू नकोस. तिला वाटेल मी यायचं टाळते." मी हो म्हटलं. तिने उशी पोटाशी ओढून घेतली. मग म्हणाली, "तिने मला माफ करावं असं मला कधी वाटलं नाही. खरंच नाही. पण ती बोलत होती तोवर… बरं होतं."

तिचे दिवस झाल्यावर मी गेले. रस्ता आता पाड्याच्या पायथ्यापर्यंत झाला आहे, पुढे चढ आहे. मला धाप लागली, दोनदा थांबले. भात कापून झालं होतं, डोंगराच्या उतारावर बायका गवताचे भारे बांधत होत्या. जानकी घरीच होती. लाडक बरीच वर्षं गुजरातकडे बोटींवर खलाशी म्हणून जातो, होळीला येतो. मीना कंपनीत गेलेली. जानकी अंगणात बसून सुपात नागली पाखडत होती. मला पाहून तिने माझ्या मागे वाटेकडे पाहिलं.

"बाय नाय आली?"

"जानकी, सुनंदाबाई गेल्या."

"कुठं गेली?"

मी तिच्यापुढे खाली बसले. तिला कळलं. सूप थोडा वेळ थांबलं, मग पुन्हा हलायला लागलं.

"कशानं?"

"पोटात दुखायचं. कितीतरी महिने कुणाला सांगितलंच नाही."

"सांगायला पायजे होतं," जानकी म्हणाली. हळू म्हणाली, जवळजवळ रागाने, आणि तो राग माझ्यावर नव्हता. मग तिने सूप खाली ठेवलं. "भारतीचं नाव घरात कुणी काढत नाय. लाडक काढू देत नाय, त्याला सोसत नाय. मीना तवा बारकी होती, तिला ती आठवत पण नाय. ती बाय यायची तवा मी बोलायची. रागानं बोलायची, पण भारतीचं बोलायची… आता कुणाला बोलू?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हटलं, "मला बोल, जानकी. मी ऐकते. मीही त्याच शाळेत होते."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत काही कडू नव्हतं. ती नुसती बघत होती. मग मान हलवली.

"तुला काय बोलू, बाय? तू नव्हतीस तिथं."

तिने मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तिची नागली पाखडून झाली तेव्हा मी तिला ती उन्हात पसरायला मदत केली. अंगण लहान, दाणे पुष्कळ. आम्ही दोघी हाताने सारत सारत पार उंबऱ्यापर्यंत दाणे पसरवले. कुडाजवळ एक माणूस पाय मुडपून बसेल एवढी जागा उरली होती. मी तिकडे मूठभर दाणे सारायला गेले, तर जानकीने माझा हात धरला.

"तेवढी राहू दे," ती म्हणाली.